शीत-कढी-नुस्ते न सोडता वजन उतरवायचे तर

वजन कमी करायचे ठरले की गोव्यातल्या घरांत पहिली कुऱ्हाड शितावर (भातावर) पडते. दुपारच्या ताटातून भात जातो, त्या जागी दोन पोळ्या येतात. बाकीचे ताट मात्र तसेच राहते: नारळाचे हुमण (मासळीची कढी) तेवढेच, रवा लावून तळलेली नुस्त्याची (मासळीची) तुकडी तेवढीच, संध्याकाळी चहाबरोबर मूठभर काजू तेवढेच. आता हिशेब पाहा. तेलाचा हात लावलेल्या दोन मध्यम पोळ्यांत २२० ते २४० कॅलरी असतात, आणि ताटातून काढलेल्या २०० ग्रॅम शिजलेल्या उकड्या भातातही जवळजवळ तेवढ्याच. महिनाभर जीव मारला, हाती काही लागले नाही.

मोजायला लागले की ही फसगत थांबते. पण मोजणे म्हणजे कोथिंबिरीची काडीही तोलणे नव्हे. भात-पाव, नारळ, तेल, साखर आणि दारू या पाच गोष्टींचे माप काटेकोर ठेवायचे आणि बाकीच्यांत सैल राहायचे. दुधी, काकडी, तांबडी भाजी, ताक यांत चूक झाली तर ती वीस-तीस कॅलरींची असते. नारळ आणि तेलात डोळ्यांनी अंदाज केला तर चूक सहज तीनशेची होते, आणि वजन उतरवण्यासाठी रोज जी तूट ठेवायची असते तीही साधारण तेवढीच असते.

(बोलण्यात आपण ज्याला कॅलरी म्हणतो ती शास्त्रात किलोकॅलरी. पाकिटावर तीच छापलेली असते. इथेही तोच अर्थ धरा.)

आधी एक गाळणी

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, अठरा वर्षांखालील मुले, आणि ज्यांना पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झाला आहे अशांनी कॅलरी मोजण्याच्या वाटेला जाऊ नये. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर जेवण कमी केल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून आधी डॉक्टरांकडून औषधाची मात्रा तपासून घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टरच ठरवतील. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनीही वजन उतरू लागले की दाब तपासत राहावे.

मुळात वजन उतरवायची गरज आहे का, हेही पाहा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानतात. बीएमआय २२ असेल आणि फक्त पोट सुटले असेल तर कॅलरी कापण्यापेक्षा चालणे आणि स्नायूंचा व्यायाम यांचा फायदा जास्त.

पहिले दोन आठवडे: काही बदलू नका

हा टप्पा वगळायची घाई सगळ्यांना असते, आणि तीच घाई नंतर महागात पडते. चौदा दिवस जे खाता तेच खा, फक्त लिहून ठेवा. वही चालेल, मोबाइलमधले अ‍ॅपही चालेल. वेळ, पदार्थ आणि माप लिहा. सकाळचा चहा आणि त्यातली साखर लिहा. दहा वाजताची पेज लिहा. मुलाच्या ताटात उरलेला अर्धा पाव खाल्लात तर तोही लिहा. स्वयंपाक करताना चाखलेले वाटण, डब्यातून जाता-येता घेतलेले काजू, देवळातला प्रसाद, सगळे लिहा.

याच दिवसांत रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, जवळपास सारख्याच कपड्यांत वजन करा. त्या त्या दिवसाच्या आकड्याकडे फार लक्ष देऊ नका. सात दिवसांची बेरीज करून सातने भागा. खरा आकडा ती सरासरी.

चौदा दिवसांनी वजन जागच्या जागी असेल तर तुम्ही जेवढे खात होता तेवढाच तुमच्या शरीराचा रोजचा खर्च आहे. यासारखे खात्रीचे माप कुठल्याच सूत्रातून मिळत नाही.

आकडा काढणे

तरीही पडताळ्यासाठी सूत्र हवे. १९९० मध्ये मांडलेले मिफ्लिन–सेंट जिओर सूत्र सोपे आहे. वजन किलोत घेऊन १० ने गुणा, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ६.२५ ने गुणा आणि दोन्हींची बेरीज करा. त्यातून वयाची पाचपट वजा करा. पुरुषांनी शेवटी ५ मिळवायचे, स्त्रियांनी १६१ वजा करायचे. स्वस्थ पडून राहिले तरी शरीर जे जाळते ते हे.

एक उदाहरण घेऊ. बेचाळीस वर्षांची स्त्री, वजन ७२ किलो, उंची १५६ सेंटिमीटर, पणजीला कचेरीत बसून काम, घरचा स्वयंपाक, दिवसाला पाचेक हजार पावले. ७२० अधिक ९७५, वजा २१०, वजा १६१, म्हणजे १३२४. याला हालचालीचा गुणक लावायचा. दिवसभर बसून असणाऱ्याला १.२ आणि आठवड्यातून दोन-तीन दिवस हलका व्यायाम करणाऱ्याला १.३७५ असा गुणक धरतात. आपल्या उदाहरणातली बाई मध्ये कुठेतरी बसते, म्हणून १.३ धरू: १३२४ गुणिले १.३ म्हणजे सुमारे १७२०. इथे बहुतेक जण स्वतःला जास्त कष्टाळू समजून वरचा गुणक घेतात. शंका असेल तेव्हा खालचा घ्या.

आता नोंदवही आणि सूत्र शेजारी ठेवा. वहीत सरासरी १६५० आले, सूत्र १७२० म्हणते, तर उत्तम. वही १३५० दाखवते आणि वजन मात्र हललेले नाही, तर शरीर बिघडलेले नसून वहीत तीनेकशे कॅलरी लिहायच्या राहिल्या आहेत. अशा वेळी १३५० मधून आणखी तीनशे कापू नका. आधी हरवलेले शोधा. ते बहुधा कढईत किंवा वाटणात सापडते.

खर्चातून ३०० ते ४०० वजा करा. उदाहरणात रोजचे १४०० आले, म्हणजे तूट ३२०. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७७०० कॅलरी, त्यामुळे आठवड्याला पाव किलोच्या थोडे वर वजन उतरायला हवे. हा वेग कमी वाटेल. पण मोठी तूट घेतली की प्रथिने कमी पडतात, स्नायूही झिजतात, रात्री भूक आवरत नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात सगळे सुटते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय स्त्रियांनी १२०० च्या आणि पुरुषांनी १५०० च्या खाली जाऊ नये.

दिवसाचे नव्हे, आठवड्याचे अंदाजपत्रक

सैलपणा इथे येतो. १४०० गुणिले ७ म्हणजे ९८००. ही आठवड्याची रक्कम. ती कशी खर्च करायची हे तुमच्या घराच्या रीतीवर ठेवा. सोमवार ते शुक्रवार १३०० प्रमाणे ६५०० झाले, तर शनिवार-रविवारसाठी ३३०० उरतात, म्हणजे दिवसाला १६५०. रविवारी शाकुती (भाजलेल्या मसाल्यातले मटण किंवा कोंबडी) किंवा सुंगटांचे (कोळंबीचे) हुमण मनासारखे जेवता येते. कुणाच्या घरी सोमवार आणि गुरुवार शिवराक (शाकाहारी) असतात. त्या दिवशी जेवण साधे असेल तर तेच दिवस हलके ठेवा आणि बुधवार, रविवार मोकळे सोडा.

रोजच्या आकड्यालाही शंभरची लवचीकता ठेवा: १३०० म्हणजे १२०० ते १४००. नेमका आकडा गाठायचा अट्टहास केला की एखाद्या दिवशी ऐंशी कॅलरी जास्त झाल्या म्हणून 'आज सगळे बिघडलेच' असे म्हणत माणूस रात्री दोन बन्स (केळे घातलेल्या तळलेल्या पुऱ्या) खाऊन मोकळा होतो. नुकसान त्या ऐंशी कॅलरींनी केलेले नसते, 'बिघडलेच' या शब्दाने केलेले असते.

एखाद्या लग्नात २१०० झाले तर पुढच्या सात दिवसांत रोज शंभर कमी करा, किंवा सरळ सोडून द्या आणि दुसऱ्या दिवसापासून नेहमीचे खा. दोन्ही चालते. दुसऱ्या दिवशी उपास करून भरपाई करणे चालत नाही, कारण त्यानंतरच्या संध्याकाळी पुन्हा जास्त खाल्ले जाते आणि हे चक्र लागते.

स्वयंपाकघरात: काटा कुठे वापरायचा

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलोपर्यंत तोलणारा स्वयंपाकाचा डिजिटल काटा आणि १५ व ५ मिलीचे मापाचे चमचे एवढे पुरे. घरातला डाव, वाटी आणि पेला एकदा पाणी भरून तोलून घ्या. एक मिली पाणी म्हणजे एक ग्रॅम. कुणाची वाटी १२० मिलीची असते, कुणाची २२० ची. 'एक वाटी' असे कुठेही लिहिले असेल तर ती कुणाची वाटी, हा पहिला प्रश्न.

_शीत._ सर्वांत जास्त घोळ होतो तो कच्चा तांदूळ आणि शिजलेला भात यांत. कोरड्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० कॅलरी, मग तो उकडा असो की सुरय (न उकडलेला). शिजल्यावर पाणी शोषून वजन तिप्पट किंवा त्याहून जास्त होते, कॅलरी तेवढ्याच राहतात. रीत अशी: घरासाठी ३०० ग्रॅम उकडे तांदूळ घेतले, म्हणजे १०५० कॅलरी. रिकामे टोप आधी तोलून ठेवा. शिजवून निवळ काढल्यावर भरलेले टोप तोला, रिकाम्याचे वजन वजा करा. भात ९६० ग्रॅम भरला तर १०० ग्रॅमला सुमारे ११०. तुमच्या ताटात १८० ग्रॅम असेल तर २००. निवळीबरोबर थोडी पिठी जाते, ती मोजायच्या भानगडीत पडू नका. पेजेला हेच गणित: पन्नास ग्रॅम तांदळाची पेज १७५ कॅलरींची, पाणी कितीही घाला. म्हणूनच पेज पोट भरते आणि हिशेबात हलकी पडते. तिच्याबरोबरच्या लोणच्याच्या तेलाकडे आणि सुक्या बांगड्याच्या मिठाकडे मात्र लक्ष असू द्या.

_नारळ._ हा गोव्याच्या ताटातला सर्वांत दुर्लक्षित आकडा. ओल्या खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ४०० कॅलरी, त्यातल्या बहुतेक चरबीच्या. 'अर्धा नारळ' हे माप नव्हे. नारळ लहान-मोठा असतो, कोवळा-जून असतो, आणि आदोळीवर कोण किती खोल खवतो यावरही वजन बदलते. खवल्यावर तोला.

बांगड्याचे तेफळे घातलेले हुमण चौघांसाठी करायचे आहे. खवलेले खोबरे १२० ग्रॅम, ४२५ कॅलरी. तेल १५ मिली, १२०. एक कांदा, २५. मिरची, धणे, हळद, सोलां (आमसुले) मिळून वीसेक धरा. एकूण ५९०. नुस्ते सोडायच्या आधी रस ९०० ग्रॅम भरला तर १०० ग्रॅमला ६५. डाव ७५ ग्रॅमचा असेल तर दोन डाव कढीचे शंभरच्या आसपास होतात. त्याच घरात दुसऱ्या दिवशी सबंध मोठा नारळ वाटला आणि रस तेवढाच ठेवला, तर त्याच दोन डावांत दोनशे जातात, आणि चवीवरून फरक पटकन कळत नाही. नुस्ते वेगळे मोजा: बांगड्याच्या काटे वगळून १०० ग्रॅमला १२० ते १५०, सुंगटांच्या सोललेल्या १०० ग्रॅमला ९० ते १००. तारल्यांची चरबी हंगामाप्रमाणे कमी-जास्त होते, म्हणून जरा वरचा आकडा धरा.

सोलकढीत नारळाचा रस पिळून चोथा टाकतो, त्यामुळे खोबऱ्याच्या सगळ्या कॅलरी पेल्यात येत नाहीत. ८० ग्रॅम खोबऱ्याची चार पेले सोलकढी केली तर पेल्याला जास्तीत जास्त ७०. नोंदीत ७० च लिहा, चूक झालीच तर ती सुरक्षित बाजूला होईल. खोबरे न घालता केलेले सोलांचे पातळ सार हवे तेवढे घ्या.

नारळ सोडू नका, कमी करा. पहिल्या आठवड्यात पावपट कमी खोबरे घेऊन वाटणात थोडा कांदा किंवा भिजवलेल्या तांदळाचे चार दाणे घाला, दाटपणा राहतो. एकदम निम्मे केले की घरातले बाकीचे ताटावरून उठतात, आणि एकट्यासाठी वेगळी कढी करणे कुणालाच महिनाभर जमत नाही.

_तेल._ एक चहाचा चमचा, ५ मिली, सुमारे ४० कॅलरी. खोबरेल असो, सूर्यफूल असो, आकडा जवळजवळ एकच. बाटलीतून थेट ओतायचे बंद करा. महिन्याला घरात किती तेल येते ते पाहा: तीन लिटर तेल चौघांत संपत असेल तर माणशी रोज २५ मिली, म्हणजे दोनशे कॅलरी.

तळणीचे तेल नेमके मोजायची युक्ती सोपी आहे. तव्यात घालायचे तेल आधी तोला, समजा ४० ग्रॅम. तुकड्या परतून झाल्या की तव्यात उरलेले वाटीत काढून पुन्हा तोला, समजा १४. गेले २६ ग्रॅम. चार तुकड्यांत वाटले तर तुकडीला साडेसहा ग्रॅम, म्हणजे ५८ कॅलरी. त्यावर दहा ग्रॅम रव्याचे ३५. म्हणजे १०० ग्रॅमच्या विस्वणाच्या (सुरमईच्या) तुकडीत माशाचे सव्वाशे आणि वरच्या कवचाचे ९३. तवा नीट तापला नसेल तर रवा तेल पितो आणि हाच आकडा दुपटीवर जातो. आठवड्यातून दोनदा तळा, बाकी दिवस हळदीच्या पानात भाजा किंवा सुके करा.

_पाव._ पोदेराचा (पाववाल्याचा) पाव, उंडो, पोई यांवर लेबल नसते. तीन पोया एकदम तोला आणि तीनने भागा. पावाच्या जातीचे जे काही आहे त्याला १०० ग्रॅममागे २६० धरले तर फारसे चुकत नाही. ७० ग्रॅमची पोई सुमारे १८०. पोईत कोंडा असतो, तिने पोट जास्त वेळ भरलेले राहते, म्हणून ती निवडावी. पण 'पोई म्हणजे डाएटचे' असे समजून तीन खाल्ल्या तर साडेपाचशे होतात.

_साखर आणि दूध._ चमचाभर साखर ५ ग्रॅम, २० कॅलरी. दिवसाला चार चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे १६० साखरेचेच. दूध पिशवीवरच्या छापील आकड्याप्रमाणे मोजा. टोन्ड आणि फुल क्रीम यांत १०० मिलीमागे सुमारे ३० चा फरक असतो.

_काजू आणि फळे._ काजूगर ३० ग्रॅम, म्हणजे लहान मूठ, १७० च्या आसपास. डब्यातून खाऊ नका, तोलून वाटीत काढा आणि डबा बंद करा. मानकुराद आंब्याच्या १०० ग्रॅम गरात ६० ते ७०, फणसाच्या गऱ्यांत ९५, केळ्यात जातीप्रमाणे ९० ते ११५. आंब्याच्या दिवसांत आंबा सोडायचे कारण नाही. एक आंबा खाल्ला तर एक डाव भात कमी घ्या.

भाज्यांना आकडा नको. वाल, दोडकी, भेंडी, मुळ्याचा पाला पोटभर खा, त्यांत घातलेले तेल आणि खोबरे तेवढे लिहा. अपवाद नीरफणस, कणंगे, सुरण, बटाटा यांचा. खतखत्यात हे सगळे एकत्र येतात, म्हणून एक मोठी वाटी खतखते घेतले की त्या जेवणात भात निम्मा करायचा.

प्रथिने: भूक इथे आवरते

एकूण आकडा पाळला आणि प्रथिने विसरली तर दुपारी चार वाजता भजी दिसू लागतात. जास्त वजन असलेल्याने धडधाकट असल्यास वजनाच्या दर किलोमागे सुमारे १ ग्रॅम प्रथिनांचे लक्ष्य ठेवावे. उदाहरणातल्या बाईला ७० ग्रॅम.

नुस्ते खाणाऱ्या घरात हे सोपे आहे. १५० ग्रॅम मासळीतून २८ ते ३० ग्रॅम मिळतात, दोन अंड्यांतून १२, वाटीभर दाट डाळीतून ७. खरी ओढाताण शिवराक दिवशी आणि श्रावणात होते, जेव्हा ताट भात, भाजी आणि नारळ यांवरच उभे असते. त्या दिवशी ५० ग्रॅम कोरड्या मुगाची मुगागाठी (१२ ग्रॅम), अळसांद्यांचे (चवळीचे) तोणाक (वाटण घातलेली उसळ), दही किंवा ताक, आणि दुपारी नाहीतर रात्री ५० ग्रॅम पनीर (९ ग्रॅम) असे ठरवून घ्या. सोयाबीनच्या कोरड्या वड्या ५० ग्रॅम म्हणजे २६ ग्रॅम प्रथिने आणि फक्त १७० कॅलरी. तोणाकाच्या वाटणात त्या चांगल्या मुरतात.

जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा सुके बांगडे, सुकी सुंगटे घरात येतात. सुंगटांच्या किसमुरीत (कोरड्या कोशिंबिरीत) प्रथिने चांगली, पण मीठ भरपूर आणि वर खोबरे. मिठाने अंगात पाणी धरते आणि काटा दुसऱ्या दिवशी किलोभर वर जातो. ती चरबी नसते.

बाहेरचे जेवण, चवथ आणि पेला

हॉटेलातली नुस्त्याची थाळी: भात २५० ग्रॅम सुमारे ३००, हुमणाच्या दोन वाट्या २००, तळलेली तुकडी २५०, भाजी ८०, किसमूर ६०, सोलकढी ७०. बेरीज ९६०. हॉटेलात तेल आणि नारळ हात सोडून घालतात, म्हणून वीस टक्के वर धरा आणि ११५० लिहा. त्या दिवशी सकाळी पेज आणि अंडे, रात्री मूग किंवा भाजलेले नुस्ते घेतले की दिवस १६५० मध्ये बसतो. थाळीत दुसऱ्यांदा येणारा भात आणि कढी हे वेगळे दोन-अडीचशे. ते लिहायला विसरतात.

सकाळची भाजी-पाव त्यामानाने सोपी आहे. वाटीभर पातळ भाजी १५० ते १८०, चाळीस ग्रॅमचे दोन पाव २१०. एवढे भरपूर झाले. वरचा बन आणि मिरचीची भजी यांनी न्याहारी सातशेच्या पुढे जाते. दोन्ही हवी असतील तर एकच पाव घ्या.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) नेवऱ्या (करंज्या) घरी करताना हिशेब मांडून ठेवा. पारीला मैदा-रवा २५० ग्रॅम (८७०), खोबरे २०० (७००), साखर १५० (६००), तीळ ३० (१७०), तळताना गेलेले तेल १२० ग्रॅम (१०८०). बेरीज ३४२०. नेवऱ्या तीस झाल्या तर एकीला ११४. पाहा, यात सर्वांत मोठा वाटा तेलाचा आहे. हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्यांत गूळ-खोबरे तितकेच असले तरी तेल नसते, म्हणून दोन्हींतून एक निवडायची वेळ आली तर पातोळी घ्या. चवथीच्या दीड किंवा पाच दिवसांत तूट ठेवायचीच नाही. त्या दिवसांत खर्चाएवढे खायचे, म्हणजे उदाहरणात १७००, आणि वही चालू ठेवायची.

दारूच्या प्रत्येक ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी असतात. तीव्रतेचा आकडा बाटलीवर असतो. ४२.८ टक्क्यांच्या फेणीच्या ६० मिलीत सुमारे १४०. त्यात २०० मिली गोड सोडा घातला तर आणखी ८०. लिंबू, मीठ, मिरची आणि साधा सोडा घालून घेतली तर ते ८० वाचतात. ६५० मिली साधी बियर अडीचशे ते पावणेतीनशे. उर्राक (काजूच्या बोंडांची सौम्य दारू) हलका लागतो म्हणून पेल्यामागून पेला जातो. १५ टक्क्यांचा धरला तर १५० मिलीत सव्वाशे, गोड सोडा वेगळा. दारूपेक्षाही घात करते ती सोबतची तळण, कारण त्या वेळी मोजायचे भान नसते. जे खायचे ते आधीच ताटलीत काढून ठेवा. जे पीत नाहीत त्यांनी या परिच्छेदासाठी सुरुवात करू नये.

वजनकाटा कसा वाचायचा

चार आठवड्यांच्या सरासऱ्या अशा दिसू शकतात: ७२.१, ७१.९, ७२.०, ७१.३. तिसऱ्या आठवड्यात बहुतेक जण हार मानतात. पाळीच्या आधीचे दिवस, सुके नुस्ते, बद्धकोष्ठ, नव्याने सुरू केलेला व्यायाम, यांतल्या कशानेही एक-दोन किलो पाणी चढते-उतरते. स्त्रियांनी पाळीच्या एका चक्राची तुलना मागच्या चक्राच्या त्याच आठवड्याशी करावी. महिन्यातून एकदा बेंबीच्या पातळीवर कमर मोजा. कधी काटा थांबतो आणि टेप हलते.

चार आठवड्यांत सरासरी अजिबात हलली नाही तर या क्रमाने पाहा. आधी पाच दिवस पुन्हा काटेकोर मोजा, विशेषतः तेल, खोबरे आणि शनिवार-रविवार. अ‍ॅपमधून 'फिश करी' असा तयार पदार्थ निवडत असाल तर तो कुठल्या देशातल्या कढीचा आकडा आहे ते कळायला मार्ग नाही. आपली पाककृती एकदा स्वतः भरून जतन करा. व्यायामाच्या घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी परत खात असाल तर थांबवा. ७२ किलोच्या माणसाने अर्धा तास मध्यम गतीने चालले तर जेमतेम सव्वाशे खर्च होतात, त्याही हालचालीच्या गुणकात बहुधा आधीच धरलेल्या असतात. हे सगळे ठीक असेल तरच रोजचे १०० कमी करा, किंवा दोन हजार पावले वाढवा. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

उलट, पहिले दोन आठवडे सोडून पुढेही आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याहून जास्त उतरत असेल, केस गळत असतील, थंडी वाजत असेल, पाळी चुकत असेल, तर रोजचे २०० वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आठवड्यातून दोनदा स्नायूंना भार द्या: खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून जोर, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या उचलणे. याने कॅलरी फार जळत नाहीत. उतरणाऱ्या किलोत स्नायू कमी आणि चरबी जास्त जावी, यासाठी हे करायचे.

पाच किलो उतरले की सूत्र पुन्हा मांडा. उदाहरणातल्या बाईचा रोजचा खर्च तेव्हा सुमारे ६५ ने घटलेला असेल. दर दोन-तीन महिन्यांनी दोन आठवडे तूट थांबवून खर्चाएवढे खा. हा खंड चवथ, दिवाळी, गावची जत्रा किंवा घरचे लग्न पाहून आधीच दिनदर्शिकेवर टाका.

हव्या त्या वजनावर पोचल्यावर आकडा एकदम सोडू नका. दर आठवड्याला रोजचे १०० वाढवा आणि सरासरी पाहत राहा. ज्या आकड्यावर ती चार आठवडे स्थिर राहील तो तुमचा नवा खर्च. एव्हाना डावात किती शीत बसते आणि कढीत किती खोबरे आहे हे डोळ्यांना कळू लागलेले असते, म्हणून रोजची नोंद थांबवता येते. महिन्यातून तीन दिवस, त्यांतला एक रविवार, पुन्हा तोलून पाहा. वाढीव दीड किलो सरासरीत दोन आठवडे टिकले तर वही परत उघडा.